बीप वाजली की मम्मी उठते

माझ्या मम्मीचा एकही धड फोटो नव्हता. याला कारण मम्मीच आहे असं पप्पांचं म्हणणं, आणि जगातले झाडून सगळे फोटोवाले आहेत असं मम्मीचं. लग्नातल्या एकुलत्या एका फोटोत ती पांढऱ्या साडीत पप्पांच्या शेजारी उभी आहे. पप्पांच्या कोटाची बटणं मोजता येतील इतकी स्पष्ट, आणि मम्मीच्या चेहऱ्याच्या जागी नुसता एक पांढुरका ढग. ऐन वेळी कुणीतरी हाक मारली म्हणून तिने मान वळवली होती. त्यानंतर रेशन कार्डावर ती घाबरलेली दिसते आणि मतदार ओळखपत्रावर तर ती आमच्या घरातली बाईच नाही. "माझा फोटोच येत नाही," असं ती सांगायची, एखादी बाई मला वांगं चालत नाही म्हणून सांगते तसं. पप्पांना मात्र ही गोष्ट पस्तीस वर्षं सलत होती. ते बोलायचे नाहीत, पण भिंतीवरचा तो लग्नाचा फोटो पुसताना काचेवरच्या ढगावर त्यांचं फडकं जरा जास्त वेळ फिरायचं. जणू काही धूळच होती ती.

आमची चाळ विठ्ठलवाडीत, एस.टी. डेपोपासून चालत सात-आठ मिनिटांवर. पहिला मजला, शेवटून दुसरी खोली, पुढे लांबलचक गॅलरी. त्या गॅलरीत मम्मी कधी बसलेली मला आठवत नाही. ती तिथून जायची. एका टोकाला पाण्याची पिंपं, दुसऱ्या टोकाला वाळत घातलेले कपडे, मधे शेजारणी, आणि या सगळ्यांतून दिवसभर तिची ये-जा. बसलो तर कुणीतरी रागावेल असं तिला वाटायचं. कोण रागावणार होतं कोण जाणे, घरात रागावणारी ती एकटीच होती.

पप्पा अंबरनाथच्या एका कारखान्यातून रिटायर झाले तेव्हा त्यांच्या बरोबरीचे लोक बदलापूरला फ्लॅट बुक करत होते. पप्पांनी कॅमेरा घेतला. तोही साधा खिशात मावणारा नाही, तर मोठ्या लेन्सचा, डोळा लावून बघायचा, नवशिक्यांसाठीचा डिजिटल. मी तेव्हा अंबरनाथच्या एका शाळेत शिकवायचे. इंग्रजी वाचता येतं या एका गुन्ह्यासाठी मला त्यांच्याबरोबर जवळच्या सिंधी बाजारवस्तीत, कॅम्प दोनमधल्या दुकानात जावं लागलं.

दुकानदार म्हातारे सिंधी गृहस्थ होते. काउंटरच्या काचेखाली घड्याळं, कॅल्क्युलेटर, काळे चष्मे, आणि वरती हे कॅमेऱ्याचं खोकं. पप्पांनी तासभर प्रश्न विचारले. "साईं, इसमें सीखने का कुछ नहीं है," दुकानदार म्हणाले. "हा हिरवा चौकोन आहे ना, इसपे रखो, बटन दाबा, फोटो तयार."

"पण फोकस बरोबर झाला हे कळणार कसं?" पप्पांनी विचारलं.

दुकानदारांनी कॅमेरा डोळ्याला लावला, समोरच्या घड्याळावर रोखला आणि बटण अर्धंच दाबलं. पीं-पीं. "सुना? बोलता है, साईं, मैं रेडी हूँ."

पप्पांचा चेहरा उजळला. ते आयुष्यभर इन्स्पेक्शन खात्यात होते. लेथवरून आलेला प्रत्येक तुकडा गेजमध्ये घालून बघायचा. बसला तर पास, नाही बसला तर नापास, मधलं काही नाही. पास झालेल्या मालावर ते हिरव्या रंगाचा ठिपका द्यायचे. इथे तर यंत्र स्वतःच तोंडाने सांगत होतं, पास म्हणून. त्या आवाजावर भाळून त्यांनी कॅमेरा घेतला, असं मला आजही वाटतं.

पहिल्याच रविवारी त्यांनी मम्मीला गॅलरीत खुर्चीवर बसवलं. तिने केस विंचरले, पदर खांद्यावरून घेतला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि सरकारी कचेरीत बसल्यासारखं तोंड केलं. पप्पांनी बटण अर्धं दाबलं. पीं-पीं.

मम्मी उठली. "झालं ना? दूध ठेवलंय गॅसवर."

"अगं, काढलाच नाही अजून."

"मग वाजलं काय?"

"फोकस झाला, म्हणून वाजलं."

"तेच म्हणते मी. झालं म्हणूनच वाजलं ना?"

तिचं काही चुकत नव्हतं. कुकर वाजला की उठायचं, पहाटे रिकाम्या पिंपात नळ वाजला की उठायचं, कारखान्याचा भोंगा वाजला की डबा भरायला उठायचं. वाजलं की उठायचं, या नियमावर तिचं अख्खं आयुष्य चाललं होतं. आता एका काळ्या डबड्यासाठी तिने तो का मोडावा? त्या दिवशी पप्पांनी वीस-बावीस फोटो काढले. सगळ्यांत मम्मी अर्धवट उठलेली आहे, चेहरा पुसल्यासारखा, आणि ती जिथे क्षणापूर्वी होती तिथलं खुर्चीचं प्लास्टिक अगदी स्वच्छ दिसतंय. लग्नातला ढग खुर्चीवर येऊन बसला होता.

मी कॅमेऱ्याबरोबरचं जाडजूड पुस्तक वाचून काढलं. मेनूमध्ये जाऊन बीप बंद करता येत होती. मी पप्पांना सांगितलं तर ते चमकले. "बंद केली तर पास-नापास कळणार कसं?"

"आत डोळ्याला हिरवा दिवा दिसतो की."

"डोळा बघायच्या कामात असतो. कान रिकामा असतो. रिकामा माणूस कामाला लावायचा असतो."

त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी नाद सोडला आणि पुढचं पान उलटलं. अशा आमच्या दुपारी सुरू झाल्या. शाळा सुटली की मी दोनपर्यंत घरी यायचे, जेवायचे, आणि मग गॅलरीत सतरंजीवर बसून आम्ही दोघं ते पुस्तक वाचायचो. मी एक वाक्य इंग्रजीत वाचायचे, मग मराठीत सांगायचे, पप्पा जुन्या डायरीत ते लिहून घ्यायचे. थंडीचे दिवस होते. वाळत घातलेल्या चादरींमधून ऊन गाळून यायचं आणि त्यांच्या पांढऱ्या केसांवर हलत राहायचं. शेजारून कुणाच्या तरी शिलाई मशीनचा आवाज यायचा; आमच्याकडे निम्म्या बायका कॅम्पातल्या कारखान्यांच्या जीन्सचे खिसे शिवायच्या. वाचता वाचता माझा आवाज मंद व्हायचा, पप्पांची मान झुकायची, आणि आम्ही दोघंही त्या पानावर तसेच तरंगत राहायचो. त्या दुपारी किती होत्या ते मला सांगता येणार नाही. आठवताना एकच लांबलचक दुपार आठवते.

पुस्तकात लिहिलं होतं की फोकस धरायच्या तीन तऱ्हा आहेत. पहिली वन शॉट. वस्तू स्थिर असेल तर बटण अर्धं दाबायचं, कॅमेरा तिला एकदाच पकडतो, बीप देतो आणि तिथेच थांबतो. मग वस्तू हलली तर तो तिची नाही, तिच्या जागेची राखण करत बसतो. दुसरी सर्व्हो. यात बटण अर्धं दाबून ठेवलं की कॅमेरा हलत्या वस्तूच्या मागे मागे जात राहतो, क्षणाक्षणाला नवं अंतर धरत. तिसरीत स्थिर की हलती हे कॅमेरा स्वतःच ठरवतो. पप्पांनी तिसरी ताबडतोब बाद केली. "इन्स्पेक्टरने ठरवायचं असतं, गेजने नाही." सर्व्होचं वर्णन त्यांना आवडलं, पण पुढच्या ओळीला ते अडले. तिथे लिहिलं होतं की या पद्धतीत बीप वाजत नाही.

"का नाही वाजत?" त्यांनी जरा दुखावल्यासारखं विचारलं.

"कारण त्याचं काम संपतच नाही. वस्तू हलतेय तोवर तो शोधतोच आहे."

"मग पास कधी होतं?"

मी पुस्तकात शोधलं. त्याचं उत्तर तिथे नव्हतं.

त्यामुळे ते महिनाभर वन शॉटलाच धरून राहिले. फक्त मम्मीला बसवायचं सोडून ती काम करत असताना काढायचं असं त्यांनी ठरवलं. त्यात नवीन घोळ झाला. डोळा लावायच्या काचेत, म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये, नऊ ठिपके होते, आणि त्यांतला कुठला वापरायचा हे कॅमेऱ्यावर सोडलं की तो सगळ्यात जवळची वस्तू पकडायचा. आमच्या स्वयंपाकघरात मम्मीपेक्षा जवळ काय नव्हतं? आमच्याकडे कुकरचे जितके सुंदर फोटो आहेत तितके कुकर बनवणाऱ्यांकडेही नसतील. एका फोटोत तर शिट्टीवरचा पाण्याचा थेंबसुद्धा दिसतो, आणि त्यामागे, दूर कुठेतरी, धुक्यातून चालल्यासारखी एक हिरवी साडी.

मी नऊपैकी फक्त मधला ठिपका चालू ठेवायला शिकले आणि त्यांना शिकवला. ते शिकवताना मीच त्या डबड्यात अडकले. डोळा लावून बटण दाबलं की आधी सगळं विरघळायचं. चादरी, पिंपं, समोरच्या चाळीचे कठडे, सगळ्यांचे मऊ रंगीत गोळे व्हायचे, कडा नाहीशा व्हायच्या, आणि मग त्यातून हळूच एकच वस्तू वर यायची. कपड्याचा चिमटा. कबुतराचा पाय. मला ते वर येणं नको असायचं. त्याआधीचं विरघळलेलं जग मला जास्त आवडायचं, तिथे आमची गळकी चाळही फार देखणी दिसायची. मी कितीतरी वेळ तशीच बसायचे. मम्मी येता-जाता म्हणायची, "एक होता तो पुरे नव्हता, आता दोन झाले."

खरं तर मला तिचा थोडा रागच यायचा. बाई, दोन मिनिटं बस ना एका जागी. तो माणूस केवढ्या असोशीने शिकतोय, डायरी भरली त्याची, आणि तुला एक पाय स्थिर ठेवता येत नाही? हे मी एकदा तिला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "मी बसले तर तो फोटो माझा कसा येईल?" मला तेव्हा ते नुसतं उलट उत्तर वाटलं.

पप्पांनी मात्र ते ऐकलं असावं. दुसऱ्याच दिवशी ते कॅमेरा सर्व्होवर लावून डेपोकडे निघाले. गेटातून बाहेर पडणारी बस सरळ अंगावर येते, सरावाला त्याहून बरी वस्तू नाही असं त्यांचं गणित. पण गेटावरच्या वॉचमनने त्यांना अडवलं. हा सगळा प्रसंग त्यांनी नंतर इतक्या वेळा सांगितला की मीच तिथे उभी होते असं मला वाटतं.

"ओ काका, काय चाल्लंय? डेपोचा फोटो काढायची परमिशन नाय."

"डेपोचा नाही हो, बसचा."

"बसचा पन नाय."

"अहो, मला फोटो नकोच आहे. मी नुसता फोकस धरतोय."

वॉचमनने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माणूस साठीचा, शर्ट इस्त्रीचा, पायात कारखान्याचे जुने बूट. "मग धरा," तो म्हणाला. "बटन पूर्न दाबायचं नाय फक्त."

आणि पप्पांनी त्याचं ऐकलं. दोन तास ते गेटाबाहेर उभे राहिले, अर्धं बटण दाबून, येणाऱ्या प्रत्येक बसला लांबून धरत, जवळ येऊ देत, आणि समोरून निघून जाऊ देत. एकही फोटो न काढता. दुसऱ्या दिवशीही गेले, तिसऱ्याही. शेवटी वॉचमनने स्वतः डोळा लावून पाहिलं आणि म्हणाला, "येतेय, येतेय, पाटी वाचता येतेय." घरी आल्यावर पप्पांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मला कळेना. कॅमेऱ्यात तर काहीच नव्हतं.

जानेवारीत एका रविवारी आम्ही दोघं बदलापूरला गेलो. त्यांच्या कारखान्यातला एक मित्र तिकडे राहायला गेला होता, त्याने नदीकाठचे बगळे बघायला बोलावलं होतं. सकाळी उल्हास नदीवर धुकं इतकं दाट होतं की पलीकडचा काठ आहे की नाही याची शंका यावी. पाण्याचा आवाज होता, पाणी नव्हतं. एका बाईचा धुणं आपटण्याचा आवाज होता, बाई नव्हती. मित्र थर्मासमधला चहा ओतत होता आणि आम्ही तिघं उगाचच हळू आवाजात बोलत होतो, कुणी झोपलेलं असल्यासारखं. एवढ्यात एक बगळा उडाला. पप्पांनी त्याला धरलं. तो पाण्यालगत, संथ पंख मारत गेला, पांढऱ्यात पांढरा होत, आणि नाहीसा झाला. पप्पा तरीही कॅमेरा फिरवत राहिले, तो जिथे असेल तिकडे.

खूप वेळाने त्यांनी कॅमेरा खाली घेतला. "यात पास-नापास काही नाही गं," ते मला म्हणाले. "नुसतं बरोबर जायचं." मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "मी तुझ्या मम्मीला जन्मभर बस, थांब, एक मिनिट, हेच म्हणत आलो. ती कुठे चाललीय ते कधी बघितलंच नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. आपला बाप असं काही बोलायला लागला की पायाखालची जमीन जरा हलते. मी धुक्याकडे बघत राहिले आणि चहा गार केला.

त्यानंतरचे काही आठवडे पप्पा गॅलरीत कठड्याला टेकून उभे असायचे, कॅमेरा गळ्यात. मम्मीला त्यांनी काहीही सांगितलं नाही, काही मागितलं नाही. ती पिंपाकडे गेली की त्यांचा कॅमेरा पिंपाकडे, चादरींकडे गेली की चादरींकडे. आवाज काहीच नाही. तिला वाटलं यांचा नाद संपला, आता नुसता गळ्यात घालून मिरवतात. ती त्यांना विसरली. हेच हवं होतं.

फेब्रुवारीतली दुपार होती, चारचा सुमार. ती कॅम्प चारच्या बाजारातून येत होती. एका हातात पिशवी, पदर कमरेला खोचलेला, कपाळाला घाम. पप्पांनी तिला गल्लीच्या तोंडापासूनच धरलं होतं. चाळीखाली आल्यावर तिने वर पाहिलं, ऊन डोळ्यांवर आलं म्हणून मोकळा हात कपाळाशी आडवा धरला, आणि विचारलं, "अहो, कोथिंबीर होती का घरात?" तेवढ्यात पप्पांनी बटण पूर्ण दाबलं. तिला कळलंही नाही. "होती," ते म्हणाले.

फोटो मी आधी पाहिला. तळव्याच्या सावलीत तिचे डोळे किंचित बारीक झालेत, ओठ बोलता बोलता उघडे राहिलेत, कपाळावरच्या आठ्या, नाकाच्या शेंड्यावरचा घाम, हनुवटीवरचं गोंदण, सगळं सगळं स्वच्छ. मागची गल्ली मात्र विरघळून सोनेरी झाली होती. ही मम्मी होती. रेशन कार्डावरची नव्हे, आमची, रागावून प्रेम करणारी.

तिला दाखवला तेव्हा आधी ती म्हणाली, "काय हा अवतार. पदर तरी सोडायचा होता." मग म्हणाली, "जरा मोठा करा." पप्पांनी पडद्यावर चेहरा मोठा केला. ती बघत राहिली. बराच वेळ. मग तिने एवढंच विचारलं, "हा कागदावर निघतो का?"

पप्पा त्याच संध्याकाळी कॅम्प दोनला गेले. वहीच्या पानाएवढा मोठा प्रिंट काढून आणला, फ्रेम कुठली करायची याचा विचारही करून ठेवला. लग्नाच्या फोटोशेजारी खिळाही मारला. मम्मीने फोटो हातात घेतला, ब्लाउजपीसमध्ये गुंडाळला आणि कपाटात साड्यांखाली ठेवून दिला.

खिळा तसाच राहिला. एक आठवडा, दोन आठवडे. पप्पांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. "नसेल आवडला," ते मला एकदा म्हणाले, हसून, पण ते हसणं खरं नव्हतं. "म्हातारी दिसते म्हणाली असेल मनात." कॅमेरा त्यांनी बॅगेत घातला आणि बॅग माळ्यावर. मला मम्मीचा असा संताप आला की मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. एवढं काय मोठं कौतुक मागत होता तो माणूस? एका खिळ्याचं?

मे महिन्यात आम्ही तिच्या माहेरी गेलो, साताऱ्याकडच्या गावी. निघताना पप्पांनी सवयीने बॅग माळ्यावरून काढली. गावात मामा असतात, मम्मीचे थोरले भाऊ, तिच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. दुपारी जेवणं झाल्यावर सगळे ओसरीवर बसले होते. मम्मीने पिशवीतून ते ब्लाउजपीसचं बोचकं काढलं, सोडलं, आणि काही न बोलता फोटो मामांच्या हातात दिला.

मामांनी तो उजेडाकडे धरला. डोक्यावरची टोपी काढली. "बय," ते म्हणाले. "बयचा फोटू? कुठं घावला गं?"

बय म्हणजे त्यांची आई, माझी आजी. मी तिला पाहिलेलं नाही, आमच्या पिढीत कुणीच पाहिलेलं नाही, कारण तिचा फोटोच नव्हता. खडी फोडायला जाणाऱ्या बाईचा फोटो कोण काढणार? दुष्काळाच्या वर्षी कामावरच तिला ताप भरला आणि चार दिवसांत ती गेली. मम्मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन विठ्ठलवाडीला आली होती. तिला निरोप मिळाला तोवर सगळं आटोपलं होतं. हे मला माहीत होतं. पण त्यानंतर हळूहळू मम्मी तो चेहराही विसरली होती, आणि हे तिने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं, हे मला त्या ओसरीवर कळलं.

"अवं, नीट बगा," मामी म्हणाल्या. "ह्या वन्सं हायत."

"कळतंय मला," मामा म्हणाले. "पर बय हाय." आणि त्यांनी आपला हात कपाळाशी आडवा धरून दाखवला. "बांधावर उबी ऱ्हाऊन आमाला जेवाय हाका मारायची, ती आशीच."

"मला तिचं तोंडच आठवत नव्हतं रे दादा, हा बघून वाटलं ती अशीच असेल," म्हणत मम्मी मान खाली घालून रडत होती. मी तिला रडताना फार वेळा पाहिलेलं नाही. माझा सगळा राग असा काही ओशाळला की काय करावं कळेना, मी उठून तिच्याजवळ जाऊन बसले एवढंच.

मामांनी फोटो ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी बुद्धमूर्तीशेजारच्या भिंतीवर तो लागला. मामींनी मेणबत्ती लावली, वंदना झाली, आणि मामांनी पांढऱ्या चाफ्याचा हार करून फोटोला घातला. पप्पा चटकन पुढे झाले. "अहो दादा, काय करताय? जिवंत माणसाच्या फोटोला हार घालतात का?"

"हार बयला घातलाय," मम्मी चुलीपुढून म्हणाली. "मी ही काय, भाकऱ्या थापतेय."

पप्पा मागे सरले. हार घातलेल्या त्या चेहऱ्याकडे आणि चुलीपुढच्या चेहऱ्याकडे ते आळीपाळीने बघत राहिले. मग तेही वाकले आणि त्यांनी हात जोडले.

परतीच्या एस.टी.त मी त्यांना म्हटलं, त्यात काय, कॅमेऱ्यात आहे तो अजून, घरी गेल्यावर दुसरा काढू आपल्यासाठी. त्यांनी मान हलवली. "नको. तो आता त्यांच्या बयचा. एकाच भिंतीवर असू दे." मग, कुणाला उद्देशून न बोलल्यासारखं, "माझ्या बायकोचा राहिला तो राहिलाच."

मम्मी खिडकीशी बसली होती. मला वाटलं तिला झोप लागलीय. बाहेर उन्हात शेतं हलत होती, कडा नसलेली.

"बय ह्याच वयात गेली," ती बाहेर बघतच म्हणाली. "आत्ता मी आहे ना, एवढीच होती. ह्याच्यापुढं ती कशी दिसली असती, म्हातारपणी तोंड कसं झालं असतं, ते ना दादाला ठाऊक ना मला." मग तिने पप्पांच्या मांडीवरच्या बॅगेवर हात ठेवला. "तेवढं आता तुम्ही काढा. दर वर्षी एक. मला बघायचंय."